लेकीचा पाच मिनिटांचा सिनेमा

माझी लेक सतरा वर्षांची असताना एका रविवारी जेवता जेवता म्हणाली, की तिला सिनेमे करायचे आहेत. माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत ती पुढं म्हणाली, की त्या सिनेमांचं संगीतही तीच करणार. मी म्हटलं, एका खुळानं भागत नाही म्हणून दोन घेतलीस का? बायको हसली. लेक हसली नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे.

आमच्या घराण्यात कलावंत शोधायचा तर भजनात झांजा वाजवणाऱ्या एका चुलत्यापर्यंत मागं जावं लागतं, आणि तोही ताल सोडून वाजवायचा. मी इचलकरंजीकडचा. कापडाचे माग दुरुस्त करणाऱ्याला आमच्या धंद्यात जॉबर म्हणतात. जॉबर म्हणून तारापूरच्या एमआयडीसीत आलो, एका गिरणीत चिकटलो, बोईसरला दोन खोल्या घेतल्या आणि इथलाच झालो. सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं. त्यामुळं मी साधं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटतं, यांच्याकडं भांडण पेटलं.

लेकीनं इंजिनियर व्हावं, माझ्यासारखं मागाखाली न वाकता पंख्याखाली बसावं, हे मी ती पाचवीत असतानाच ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही मला माहीत नव्हतं.

तिनं मात्र सगळी चौकशी करून ठेवली होती. एका संस्थेचा फॉर्म भरायचा होता. त्याच्यासोबत स्वतः केलेला पाच मिनिटांचा सिनेमा पाठवायचा, आणि अठरा पूर्ण नसल्यामुळं पालकांची सही लागणार. दोन दिवस मी घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, ओरडून झालं असेल तर आता काहीतरी ठरवा. मग मी अट घातली. नाताळच्या सुट्टीपर्यंत तो पाच मिनिटांचा सिनेमा करून दाखव. मला पटला तर सही करतो, नाही पटला तर मुकाट्यानं इंजिनियरिंग. ती लगेच हो म्हणाली. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, पोरगी दोन रविवारांत कंटाळेल आणि नाही म्हणायचं पाप माझ्या माथी येणार नाही.

ती कंटाळली नाही. कॉलेजातली तिची एक मैत्रीण जवळच्या मुरबे या मच्छीमार गावची. त्या मैत्रिणीची आई मासे सुकवायचं काम करते. लेक तिला मावशी म्हणायची. दर रविवारी सकाळी रिक्षानं मुरब्याला जायची आणि दुपारी उन्हानं काळवंडून, बोंबलाचा वास घेऊन परत यायची. तिथं ओले बोंबील दोन-दोन घेऊन एकमेकांच्या जबड्यात अडकवतात आणि बांबूच्या वलांडीवर, म्हणजे आडव्या दांड्यांवर, वाळायला टांगतात. मावशी हे काम गप्पा मारता मारता, हाताकडं न बघता करायची, आणि प्रत्येक जोडीला तिच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. पहिल्या दिवशी लेक फोन धरून शूटिंग करत उभी राहिली, तर मावशीनं तिलाच कामाला लावलं. "नुसती उभी काय रातेस? हात लाव." त्या दिवशी शूटिंग काही झालं नाही, पण लेक बोंबील टांगायला शिकली.

घरी आल्यावर मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर तिचं काम चालायचं. कानाला हेडफोन लावून एकच तुकडा मागं-पुढं, मागं-पुढं करत राहायची. मी एकदा विचारलं, बिघडलंय का? ती म्हणाली, बिघडलं नाही, पण अजून नीट बसत नाही. हेच वाक्य मी गिरणीत दिवसातून दहा वेळा बोलतो आणि नव्या पोरांना ते कळत नाही. त्या रात्री बायकोला म्हटलं, पोरीच्या हाताला सबुरी आहे. बायको म्हणाली, हे तिलाच सांगा. मी नाही सांगितलं. अट घातलेल्या माणसानं जरा ताठ राहायला पाहिजे, असं मला वाटत होतं.

नाताळच्या आधीच्या रविवारी तिनं आम्हा दोघांना लॅपटॉपसमोर बसवलं. शेजारून मागून आणलेला स्पीकर जोडला. सुरुवातीला अंधारातली खाडी आणि होडीचं इंजिन. त्या इंजिनाच्या ठोक्यावरच तिनं ढोलासारखा ताल बसवला होता. मग किनाऱ्यावरची गडबड, माशांच्या पाट्या आपटल्याचे आवाज, बायकांची हाकाटी, आणि सगळ्याची मिळून एक चाल तयार होत गेली. मी पुढं सरकून बसलो. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. मग एकदम सगळं थांबलं. पडद्यावर फक्त मावशीचे हात. जोडी, जोडी, जोडी. आणि आवाज बंद.

मी थोडा वेळ वाट पाहिली. मग उठलो आणि स्पीकरची वायर हलवून पाहिली. म्हटलं, लूज आहे, साउंड गेलाय.

लेकीला वाटलं मी तिची थट्टा करतोय. बायको हळूच म्हणाली, "वाजतंय की हो. बांगड्या वाजतायत."

वायर माझ्या हातात तशीच राहिली. गिरणीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी मला मागंच सांगितलं होतं, की तुमच्या कानांतले बारीक आवाज गेलेत. मी म्हटलं होतं, गेले तर गेले, मोठे आहेत ना. घरी बोललो नव्हतो. मागांत उमर काढलेल्या सगळ्यांचेच जातात, त्यात सांगण्यासारखं काय? पण आता लेक माझ्याकडं बघत होती. तिनं सगळा सिनेमा ज्या एका मिनिटासाठी रचत आणला होता, तेच मिनिट तिच्या बापासाठी मुकं होतं, आणि निकाल बापानं द्यायचा होता. मी पाय मोकळे करायला जातो म्हणून बाहेर पडलो आणि बाजारापर्यंत उगाच चालत गेलो.

चार दिवसांनी तिनं पुन्हा बोलावलं. म्हणाली, थोडी दुरुस्ती केलीय. या वेळी त्या मिनिटात मला आवाज आला. जाडसर होता, पितळेच्या वाटीवर चमचा वाजवावा तसा. पण आला. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं म्हटलं, पटलं, आण तो फॉर्म. ती म्हणाली, आधी मुरब्याच्या बायकांना दाखवते, त्यांना शब्द दिलाय. एवढं बोलली, पण तिचा चेहरा काही खुलला नाही.

दुसऱ्याच दिवशी तिला मोटारसायकलवर घेऊन मुरब्याला गेलो. मैत्रिणीच्या घरात टीव्हीला लॅपटॉप जोडला. आठ-दहा बायका जमल्या. त्या गप्प बसून बघतील ही आशाच सोडून द्यायची. ही बघ तू, ही बघ माझी पाटी, हिचं ढुंगणच जास्त दिसतंय, असा कल्ला चालला होता. मग पडद्यावर हात आले आणि तो पितळी आवाज सुरू झाला. मावशी मान वाकडी करून ऐकत राहिली.

"ह्या माज्या बांगड्या नाय," ती म्हणाली.

बायका हसल्या. लेक लाल झाली. म्हणाली, बांगड्यांचा आवाज थोडा खालच्या पट्टीत आणलाय मावशी. मावशीनं विचारलं, कशाला? लेकीनं माझ्याकडं पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

मला तेव्हा कळलं. महिनाभर जे नीट बसवत होती, ते तिनं माझ्या कानांसाठी मोडलं होतं. मला स्वतःचा असा राग आला की तिथं बसवेना.

"पहिलं आहे का तुझ्याकडं?" मी विचारलं.

"आहे."

"ते लाव."

"पप्पा, पण त्यात तुम्हाला..."

"माझं मी बघतो. लाव ते."

तिनं लावलं. मी टीव्हीकडं पाहिलंच नाही. मागांच्या खात्यात शेजारच्याचं बोलणं कानावर येत नाही, त्यामुळं आम्ही माणसांची तोंडं वाचून कामं उरकतो. मी त्या बायकांची तोंडं वाचत बसलो. इंजिनाला त्या हसत होत्या, पाट्यांना बोलत होत्या. मग माझ्यासाठी सगळं बंद पडलं आणि त्याच क्षणी त्यांचे ओठ मिटले. एकीचा बोलता बोलता वर गेलेला हात तसाच राहिला. मावशीनं आपल्याच मनगटाकडं पाहिलं, बांगड्या थोड्या वर सरकवल्या आणि पुन्हा पडद्याकडं बघू लागली. मिनिटभर कुणी हललं नाही.

"हां," ती शेवटी म्हणाली. "ही मी हाय."

सही मी घरी पोचल्यावर चहाच्या आधी केली. सिनेमा गेला तो बारीक बांगड्यांचाच गेला. तिची निवडही झाली, आणि आता ती तिथं शिकतेय. पण मला सारखं आठवतं ते त्या दिवशी परतताना झालेलं बोलणं. गावाबाहेर तिनं मला गाडी थांबवायला लावली. उतरून समोर आली, मला तिचं तोंड दिसावं म्हणून.

"तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही ना?"

"नाही आलं," मी म्हटलं. "पण पुन्हा माझ्यासाठी आपलं काम बिघडवायचं नाही. कुणासाठीच नाही."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "वाईट वाटलं तुम्हाला?"

"वाटलं. पुष्कळ वाटलं," मी म्हटलं. "आणि तिथं बसल्या बसल्या सारखं वाटत होतं, की उठावं आणि एकेकीला सांगावं, ही माझी मुलगी आहे."