जमिनीवर राहिलेला वाडगा

दॉ ओन सेईनला राग आला की ती भांडत नसे, कांदा चिरत असे. त्या दिवशी विहार समितीचे प्रमुख ऊ बा थॉ ओसरीवरून उठून गेले आणि मुलगी थंदार परसातून आत आली, तर आईपुढे कांद्याचा डोंगर.

"एवढा कांदा? कोण जेवायला यायचंय?"

"कोणी नाही. यंदा वैशाख पौर्णिमेला आपल्या हातचं कोणी जेवायचं नाही, असं ठरलंय. तुझे बा थॉकाका सांगून गेले. फार गोड बोलले. तीनदा 'ताई' म्हणाले. माणूस तीनदा ताई म्हणाला की समजावं, याच्या खिशात सुरी आहे."

थंदारने विळी बाजूला सरकवली आणि आईसमोर बसली. "म्हणजे आपली पोनयेजी नको?"

"नको."

पोनयेजी म्हणजे कुळथाचं आटवलेलं सार. कुळीथ दिवसभर रटरटवायचे, चोथा बैलांना घालायचा आणि उरलेलं पाणी पुन्हा आटवत राहायचं, डांबरासारखं काळं आणि दाट होईपर्यंत. मग ते मुरू द्यायचं. वाढताना वर कच्चा कांदा, शेंगदाण्याचं तेल, भाजलेले तीळ आणि सुक्या मिरचीची भरड. बागानच्या कोरड्या मातीत भात फारसा होत नाही, कुळीथ मात्र होतो. बाकीच्या बर्मी मुलखाला हा पदार्थ आवडतो, पण बागानच्या माणसाचं त्यावाचून अडतं. सकाळी दॉ ओन सेईनच्या टपरीवर माशाच्या रश्श्यातल्या शेवया, मोहिंगा, खायला यात्रेकरू येत. मांडले-यांगूनची माणसं दोन-दोन वाडगे रिचवत आणि जाताना हळूच विचारत, "मावशी, ते काळं आहे का थोडं?" त्या काळ्यावर तिचं नाव चालत होतं.

पण पौर्णिमेच्या वाडग्याची गोष्ट वेगळी होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जुन्या बागानमधल्या साऱ्या घरांना उठवलं. प्राचीन देवळांच्या मधे माणसं नकोत, असा सरकारी हुकूम. आठवड्याभरात लोकांनी आपल्या घरांचे बांबू आपल्याच हाताने सोडले आणि बैलगाड्यांवर लादून उघड्या माळावर आणून टाकले. वैशाखाचं ऊन. ना विहीर, ना झाड. त्या गर्दीत मागून सयाडो, विहाराचे मुख्य भिक्खू, चालत आले. त्यांचाही विहार मोडला होता. एका ताडाच्या तोकड्या सावलीत ते बसले. सूर्य डोक्यावर यायला थोडा वेळ होता, आणि मध्यान्हीनंतर भिक्खूंना दुसऱ्या पहाटेपर्यंत अन्न वर्ज्य. कोणाची चूल पेटलेली नव्हती. दॉ ओन सेईनच्या बोचक्यात काल रात्रीचा भात आणि मडक्यात पोनयेजी होती. तिने ती दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. ती वैशाख पौर्णिमा होती. नव्या बागानमधलं ते पहिलं दान.

तेव्हापासून दर वैशाख पौर्णिमेला, कितीही मोठा दाता असो, सयाडोंच्या मेजावर पहिला वाडगा तिचा. कोणी लिहून दिलं नव्हतं. लिहून देण्यासारखी गोष्ट ती नव्हतीच.

"यंदा यांगूनचे ऊ यान नैंग दाते आहेत," ती बा थॉंची नक्कल करत म्हणाली. "'ताई, सगळं मेज एका दात्याचं असावं अशी त्यांची इच्छा आहे. फोटोत एकसारखं दिसायला हवं.' मी म्हटलं, बाबा रे, पुण्य काय गणवेश घालून येतं? तर मला ही देऊन गेले. चाखून बघा म्हणे."

तिने काचेची बाटली पुढे केली. वर सोनेरी पॅगोड्याचं चित्र आणि 'बागानची अस्सल चव'. यान नैंग यांच्याच कारखान्यातली.

थंदारने बोट बुडवून चाटलं. "सोयाबीन."

"सोयाबीन, साखर आणि काजळी," आई म्हणाली. "बागानची चव! यांनी बागान पाहिलंय ते हॉटेलच्या गच्चीवरून."

"मग आता काय करणार?"

"कुळीथ भिजत घाल."

"आई, नको म्हणालेत ना?"

"मेजावर ठेवू नका म्हणालेत. शिजवू नका म्हणायची अजून कोणाची छाती झालेली नाही."

पौर्णिमेच्या सकाळी बायका डोक्यावर पाण्याचे घडे घेऊन बोधिवृक्षाला पाणी घालून आल्या. सभामंडपात दहा बुटकी गोल मेजं मांडली होती, प्रत्येकाभोवती चार भिक्खू. मधल्या मेजाशी सयाडो. त्यांनी चौऱ्याऐंशी पुरी केली होती, गुडघे गेले होते. गेली तीन वर्षं त्यांनी भिक्षाफेरीही सोडली होती. मेजांवर हॉटेलच्या आचाऱ्यांनी केलेले चौदा पदार्थ, मधोमध ती बाटली, लेबल पुढे करून.

दॉ ओन सेईन मागच्या खांबाशी बसली, मांडीवर झाकलेला वाडगा. तिथे का बसली हे तिलाही सांगता आलं नसतं. शेजारच्या बाईने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "याला घरी एकटं ठेववेना."

भिक्खूंनी स्वतः उचलून काही घ्यायचं नसतं, मागायचं तर नसतंच. दाता आणि त्याची माणसं मेजाला हात लावून ते वीतभर उचलतात, भिक्खू हात लावून स्वीकारतात, मग जेवण. साडेदहाला ऊ यान नैंग यांनी मेज उचललंही. फोटो निघाला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. राजधानीतून निघालेले मोठे साहेब विमानतळावर उतरले होते, त्यांनाही मेजाला हात लावायचा होता. फोटोवाल्याने घाईघाईने पुढे होऊन थाळ्या सरकवल्या, बाटली सरळ केली. झालं! दिलेल्या अन्नाला गृहस्थाचा हात लागला की ते दान पुन्हा द्यावं लागतं. भिक्खूंनी हात मांडीवर घेतले आणि डोळे खाली केले.

अकरा वाजले. बा थॉ दाराशी जाऊन रस्ता बघून आले. ऊ यान नैंग यांनी ध्वनिक्षेपकावरून बागानच्या वैभवाबद्दल भाषण केलं. सव्वाअकरा. रश्श्यावर तेलाची साय धरली. एका तरुण भिक्खूचं पोट गुरगुरलं, आणि सगळ्यांनी ते न ऐकल्यासारखं केलं.

मंडपात दोनशे माणसं होती. प्रत्येकाची नजर घड्याळावर होती आणि एकाचंही तोंड उघडत नव्हतं. बर्मी माणसाची भीड अशी, की पाहुण्याच्या पायाखाली आपला पाय आला तरी तो 'तुम्हाला टोचत तर नाही ना' असं विचारील. दाता अवघडेल, बा थॉंचा मान जाईल, साहेब रागावतील, म्हणून दोनशे माणसं चाळीस भिक्खूंना उपाशी ठेवायला तयार झाली होती. आणि ज्यांना भूक लागली होती त्यांना नियमाने बोलता येत नव्हतं.

अकरा चौतीसला दॉ ओन सेईन उठली.

"आई, बस खाली," थंदारने तिच्या लुंगीचं टोक धरलं. "लोकांना वाटेल तू वाडग्यासाठी उठलीस."

तो बाण बरोबर लागला, कारण ते थोडं खरं होतं. ती क्षणभर थांबली. मग वाडगा हातात घेऊन माणसांमधून वाट काढत थेट मधल्या मेजाशी गेली.

बा थॉ आडवे आले. "ताई, ताई, दहा मिनिटं. साहेबांची गाडी निघालीय. कसं सांगायचं हो आता त्यांना?"

"आणि यांना कसं सांगणार?" तिने भिक्खूंकडे मान वळवली. "बा थॉ, तुला साहेबांची भीड वाटते, उपाशी म्हाताऱ्याची वाटत नाही? अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुझं घर माझ्या घराशेजारीच मोडलं. त्या दिवशी तू भिडेपायी बोलला नाहीस, मीही बोलले नाही. आपण सगळे गुमान बांबू सोडत बसलो. आता काय राहिलंय मोडायचं?"

बा थॉंनी मान खाली घातली.

ऊ यान नैंग पुढे आले. गोरेगोमटे, पन्नाशीचे, वाईट माणूस नव्हेत. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. "मावशी, दान माझं आहे. मी योग्य वेळी..."

"तुमचंच आहे, बाळा. तुमचं पुण्य चोरायला नाही आले मी. पण सूर्याला तुमच्या साहेबांचा नंबर ठाऊक नाही. चला, धरा मेज."

ते घुटमळले. हातातल्या फोनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग बाटलीचं लेबल पुन्हा सरळ करायला हात पुढे गेला.

"बाटली राहू द्या!" ती ओरडली. विहारात कोणी इतक्या मोठ्याने ओरडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. "ती उभी राहील नाहीतर निजेल. मेज धरा!"

त्यांनी फोन खिशात टाकला आणि मेज धरलं. समोरची बाजू धरायला कोणी नव्हतं. बा थॉ अजून जागचे हलले नव्हते. दॉ ओन सेईनच्या हातात वाडगा होता, आणि मेज उचलायला दोन हात लागतात. मेजावर चौदा थाळ्या दाटीने लागल्या होत्या, एखादी सरकवून जागा करता आली असती. ती वाकली, वाडगा जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी मेजाची कड धरली.

मेज उचललं गेलं. सयाडोंनी हात लावला. मग सगळा मंडप उठला. पाच मिनिटांत बाकीची नऊ मेजं उचलली गेली, आणि त्यानंतर बराच वेळ नुसता चमच्यांचा आवाज.

साहेब बारा वाजून दहा मिनिटांनी आले. रिकामी मेजं उचलून एक फोटो घेता येईल का, असं कोणीतरी विचारलं. बा थॉ दॉ ओन सेईनकडे बघत म्हणाले, "नाही येणार." तेवढं बोलायला त्यांना दिवसभराचं बळ लागलं असावं.

ती वाडगा उचलून घरी निघाली, आणि वाटभर थंदारला ऐकून घ्यावं लागलं.

"सोयाबीन खाल्लं त्यांनी. चौऱ्याऐंशी पुरी झाल्यावर, पौर्णिमेला. आणि मीच उचलून दिलं. या हातांनी."

"आई, सगळे तुझं कौतुक करत होते."

"कौतुक आता करतात. साडेदहा ते साडेअकरा दातखीळ बसली होती ना यांची? आणि मी तरी! मी एक तास त्या खांबाशी काय करत होते? फुगून बसले होते. आपला वाडगा नाही ना, मग बसू देत उपाशी, असं होतं माझ्या मनात. होतं!"

थंदारने तिच्या हातातला वाडगा आपल्याकडे घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना भिक्षाफेरीची घंटा वाजली. दॉ ओन सेईन भाताचं पातेलं घेऊन दाराशी आली आणि जागीच थबकली. रांगेत सगळ्यात पुढे, एका भिक्खूच्या खांद्यावर हात ठेवून, सयाडो उभे होते. वाटेत ऊ यान नैंग उतरले होते ते हॉटेल लागतं, तिथे सयाडो थांबले नव्हते. अनवाणी पायांवर लाल धूळ होती. भिक्षापात्राचं झाकण उघडं होतं आणि नजर खाली.

मागायचं नसतं. फक्त उभं राहायचं असतं.

"या गुडघ्यांनी?" तिच्या तोंडून निघून गेलं. मग ती गुडघे टेकून बसली, पण राग काही बसेना. "भंते, ही शिष्या अडाणी आहे, माफ असावं. पण अर्धा कोस चालून यायचं वय आहे का? निरोप धाडला असता तर मी आणून दिलं नसतं? आता परत जाताना काय करणार? थंदार! कालचा वाडगा आण. आणि बा थॉंकडून बैलगाडी मागव. भीड वाटली तर सांग, मी मागितलीय."

पात्र जरासं हललं. सयाडो हसत होते का, हे तिने मान वर करून पाहिलं नाही. थंदारने वाडगा आणला, आणि दॉ ओन सेईनने भातावर ते काळं, दिवसभर जास्तच मुरलेलं सार दोन्ही हातांनी ओतलं, शेवटचा थेंब उतरेपर्यंत.