भैरूबाचा करडा रंग

येसाजी फोटो परत घेऊन आला, तो दुसऱ्यांदा. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं बघूनच सुधीरनं हातातली कात्री खाली ठेवली.

"आता काय झालं?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय? आधी बा हिरवा होता, शेवाळ धरल्यासारखा. आता गुलाबी झालाय." येसाजीनं पुडकं काउंटरवर सोडलं. "नव्या नवरीसारखा लाजतोय बघ. माझा बा उभ्या जन्मात कधी लाजला नाय रे, सुधीरभाऊ!"

पासपोर्ट फोटोसाठी बाकावर बसलेलं जोडपं खुदकन हसलं. सुधीरही हसला, न हसून करतो काय? पण फोटो हातात घेऊन त्यानं डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मुंडाशाच्या घड्या, पांढऱ्या मिशा, खांद्यावरची घोंगडी. सगळं करडं. नीट, शांत, करडं. यात गुलाबी कुठं होतं?

"इथं बघून, बरा हाय म्हणून नेलास ना?"

"इथं नळीच्या दिव्याखाली बराच दिसतो. दारात उन्हाला नेला का रंग बदलतो. म्हातारीनं तर पदर लावला डोळ्याला. म्हणली, ह्यो कोण आनलास?" येसाजी जरा खाली वाकला, आवाज उतरवला. "अक्षय तृतीयेला घरभरणी हाय. पोरानं स्लॅबचं घर बांधलंय, मुंबईचं पावणं येनार. बा दाराच्या समोरच लावायचाय. पाच दिस ऱ्हायलं. जमत नसंल तर सांग, महाबळेश्वरला वर जातो. तिथं नवा स्टुडिओ झालाय म्हनं."

"जमेल," सुधीर म्हणाला. घाईतच म्हणाला.

येसाजीच्या बापाचा, भैरूबाचा, तो फोटो सुधीरनंच काढलेला होता, सोळा वर्षांपूर्वी. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला येसाजीची वाडी. म्हशी, शेळ्या आणि उतारावरची नाचणीची शेतं. भैरूबा म्हशीचं तूप विकायला महाडात आला होता, आणि तूप संपल्यावर सहज म्हणाला, "काढ रे माझा बी एक." तेव्हाची निगेटिव्ह सुधीरनं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. अशा किती निगेटिव्ह त्याच्याकडे होत्या, त्यालाच ठाऊक नव्हतं. महाडपासून पोलादपूरपर्यंत कुणाच्या घरी गेलेल्या माणसाचा मोठा काळापांढरा फोटो लागला की लोक डोळे झाकून सुधीरकडे यायचे. रंगीत लग्नं नव्या पोरांनी नेली, वाढदिवस नेले. हे एक तेवढं त्याच्याकडे उरलं होतं. आणि आता तेच हातातून सुटत होतं.

का सुटत होतं, हे जगात एकट्या सुधीरला माहीत होतं. बायकोलासुद्धा नाही.

तो तुडीलचा. सावित्रीच्या काठावर वडिलांची भातशेती, चार खंडी पिकायची. वीस वर्षांचा असताना सुधीर रेल्वेच्या भरतीला मुंबईला गेला. लेखी पास झाला, पळण्यात पास झाला. शेवटी एका डॉक्टरनं त्याच्यापुढं ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक धरलं आणि म्हणाला, यातला आकडा वाच. सुधीरला ठिपके दिसले. आकडा दिसेना. डॉक्टरनं पान उलटलं. पुन्हा ठिपकेच. मागचा मुलगा मात्र रांगेतून मान वाकडी करून भराभर आकडे पुटपुटत होता.

हिरवा आणि लाल यातला फरक त्याला कळत नाही, असं कागदावर लिहून आलं. सुधीरनं तो कागद परतीच्या वाटेवर पनवेलच्या स्टँडवर फाडून टाकला आणि घरी सांगितलं, "छाती दोन बोटं कमी भरली." वडील बिचारे हळहळले. वर्षभर त्यांनी पोराला रोज शेरभर दूध पाजलं आणि पहाटे दंड काढायला लावले. छाती चांगली चार बोटं भरली. पुढच्या भरतीला मात्र सुधीर गेलाच नाही. मला नको ती नोकरी, म्हणाला. वडील त्यानंतर सहा महिने त्याच्याशी धड बोलले नाहीत.

मग महाडात एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे तो कामाला लागला, आणि पहिल्याच दिवशी डार्करूममध्ये शिरल्यावर त्याचा जीव थाऱ्यावर आला. आत एकच लाल दिवा. त्या दिव्याखाली कुणालाच कुठला रंग दिसत नव्हता. सगळेच सुधीरसारखे. औषधाच्या पाण्यात कागद हलायला लागला की हळूहळू माणूस वर यायचा: आधी केस, मग डोळ्यांच्या कडा, मग कपाळ. कुठला करडा आणखी दोन सेकंदांनी दाटेल, हे सुधीरला बोटांना कळायचं. म्हातारा म्हणायचा, "तुझ्या डोळ्यात देवानं वजनकाटा बसवलाय रे."

रंगीत फिल्म आली तरी सुधीरचं बिघडलं नाही. रोल पुण्याच्या लॅबला जायचा. रंगांची जबाबदारी लॅबची. पण गेल्या वर्षी डार्करूमचा कागद मिळेनासा झाला. सुधीरनं कॉम्प्युटर घेतला, स्कॅनर घेतला, शाईचा प्रिंटर घेतला. आणि त्या प्रिंटरनं त्याला बरोबर कोपऱ्यात गाठलं. कारण हे यंत्र करडा रंग काळ्यातून करत नाही. निळा, गुलाबी आणि पिवळा एकमेकांत कालवून करतं. कालवण जरा चुकलं की भैरूबा हिरवा. दुरुस्त करायला जावं तर गुलाबी. सुधीरला दोन्ही सारखेच दिसायचे.

त्या दुपारी बारालाच भारनियमनात दिवे गेले. प्रिंटर बंद, पंखा बंद. सुधीर दुकानाच्या तीन पावलांच्या जागेत येरझाऱ्या घालत राहिला. दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवले. डोळे मिटून अचानक उघडून बघितलं, वाटलं, फसवून तरी दिसेल. शेजारच्या घड्याळवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा कसा वाटतो?" तो डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाला, "म्हातारा ना? म्हातारा छान आहे."

शेवटी शटर ओढून सुधीर वर घरी गेला. दुकानाच्या माथ्यावरच त्यांच्या दोन खोल्या आणि पुढे गच्ची. गच्चीच्या सावलीच्या बाजूला त्याची बायको नूतन रातांब्यांची, कोकमाच्या फळांची, टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. माहेरहून मोसमाचे पहिले रातांबे आले होते. आमसुलं घालायची होती.

"बरं झालं आलात. हिरवे तेवढे निवडून बाजूला करा. मी सुरी घेऊन येते."

सुधीर बसला. मन खाली दुकानात, हात टोपलीत. नूतन सुरी घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. बाई बावीस वर्षं या माणसाबरोबर राहिलेली, कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली, आणि बोलण्याआधी बघणारी. नवरा रातांबे बघत नव्हताच. एकेक उचलून अंगठ्यानं दाबत होता. मऊ लागला की इकडे, कडक लागला की तिकडे. मधूनच एक लालभडक पण टणक रातांबा त्यानं हिरव्यांत टाकला.

तिनं आणखी तीन रातांबे जाऊ दिले.

"अहो."

"हं."

"दाबून कशाला बघता? समोर दिसतायत की."

सुधीरचा हात टोपलीतच राहिला. "दिसतायत ना. दाबून खात्री करतो."

"मग हा कुठला?" तिनं एक उचलून धरला.

"चेष्टा करू नको गो, आधीच डोकं फिरलंय."

"हिरवा की लाल, एवढंच सांगा."

तो उठला. कठड्यापर्यंत गेला, परत आला. वर्षानुवर्षं जे तोंडापर्यंत येऊन गिळलं होतं, ते त्या दुपारी गिळवेना. "मला नाय कळत," तो म्हणाला. रागानंच म्हणाला, जणू तिनंच काही केलं होतं. "रेल्वेवाल्यांनी छातीवरून नाय काढलं मला. डोळ्यांवरून काढलं. झालं समाधान?"

नूतन खाली बसली. तिला एकदम कायकाय आठवायला लागलं. अबोली म्हणून आणलेली पोपटी साडी. लाल मिरच्या तोडायला पाठवलं की हिरव्या घेऊन येणारा माणूस. आपण इतकी वर्षं याला वेंधळा म्हणत आलो.

"आणि तुमच्या वडिलांनी वर्षभर दूध पाजलं?" तिनं विचारलं.

"शेरभर. रोज."

तिला हसू आवरेना. सुधीर तिच्याकडे बघत राहिला, चिडावं की काय ते त्याला ठरवता येईना. मग ती पदरानं डोळे पुसत उठली. "येसाजीचा आवाज वरपर्यंत येत होता. त्यानं परत आणलेले ते दोन फोटो आणा वर. आणि गेल्या आठवड्यात काढून बाजूला टाकलेलेसुद्धा. उन्हात आणा."

"तू तर सगळे बरे म्हणालीस!"

"नळीखाली दाखवलेत मला. नळीच्या उजेडात बरेच होते ते."

गच्चीवर अकरा भैरूबा ओळीनं मांडले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक रातांबा ठेवून. नूतन वाकून एकेक सांगत गेली: हा शेवाळी, हा गुलाबी, हा जांभळट, हा बरा पण सावलीत पुन्हा हिरवा. सुधीर पेन्सिलीनं मागे लिहून घेत होता, आणि लिहिता लिहिता त्याची तगमग वाढतच होती. दर वेळी हिला विचारायचं? दर फोटोला? आणि येसाजीच्या घरी दारात ऊन, आत दिवा, रात्री कंदील. कुठल्या उजेडासाठी कालवायचं?

"एक विचारू?" नूतन म्हणाली. "काळ्यापांढऱ्या फोटोत मुळात रंग घालायचेच कशाला? काळी शाई आहे ना त्या प्रिंटरमध्ये?"

"एकट्या काळ्यानं ठिपके दिसतात. गालावर रवा सांडल्यासारखा. मी बघितलंय करून."

"कुठल्या कागदावर?"

सुधीर थांबला. चकचकीत कागदावर केलं होतं. सगळे तोच वापरत होते.

तीनला दिवे आले तेव्हा तो खाली धावला, जिन्यात चप्पल सुटली तीही उचलली नाही. पत्रिका छापणाऱ्याकडून जाड, बिनचकाकीचा कागद आणला. मिळेल तो नव्हे, चार जातींचा. डार्करूममध्ये करायचा तशी चाचणीची पट्टी केली: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वीस पायऱ्या, नुसत्या काळ्या शाईच्या, यंत्राचा वेग सगळ्यात संथ ठेवून. पहिल्या कागदानं शाई पिऊन टाकली, शेवटच्या पाच पायऱ्यांचं एकच डांबर झालं. दुसऱ्यावर रवा. तिसऱ्यावर मधले करडे चिखलासारखे बसले. चौथ्या कागदाची पट्टी त्यानं दारात उन्हाला धरली आणि नूतनला हाक मारली.

"रंग आहे?"

"नाही. कुठलाच नाही."

"आता ही चौथी पायरी आणि पाचवी. फरक दिसतो?"

नूतननं बराच वेळ बघितलं. "एकच आहेत की."

"एक नाहीत." कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज असा आला होता. "पाचवी जरा बसलीये, दाट झालीये. मुंडाशाची घडी नेमकी तिथं आहे. ती उचलायला पाहिजे."

दोन दिवस तो तेच उचलत होता. मुंडासं उचललं तर मिशा पांढऱ्या फटक पडायच्या. मिशा सावरल्या तर घोंगडीची लोकर एकगठ्ठा काळी. मध्ये यंत्राच्या एका छिद्रात शाई सुकली आणि भैरूबाच्या कपाळावरून पांढरी रेघ गेली. कधी दिवे गेले, अर्धा भैरूबा आत, अर्धा बाहेर. नूतन ताट घेऊन खाली यायची, बघून जायची, आणि फक्त सुधीरनं विचारलं तरच रंगाचं सांगायची.

तिसऱ्या दिवशी येसाजी आला. सुधीरनं फोटो नळीखाली दाखवलाच नाही. हातात धरून तो त्याला पायरी उतरून रस्त्यावर उन्हात घेऊन गेला. येसाजीनं फोटो दोन्ही हातांनी धरला, तिरपा केला, सरळ केला. ठिपके होते, नाकाजवळ नेलं तर दिसत होते. हातभर लांब धरल्यावर मात्र घोंगडीची लोकर बोटाला लागेल अशी दिसत होती.

"आता बा," येसाजी म्हणाला. मग नाक ओढून त्यानं विचारलं, "मग मागचं दोनदा काय झालतं रे? मशीन बिघडलंवतं?"

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. घड्याळवाला दारात उभा होता, पलीकडे एसटीची वाट बघणारी दोन माणसं होती. सुधीरनं वर बघितलं. नूतन गच्चीच्या कठड्याशी होती, पण ती मान फिरवून टोपलीकडे बघायला लागली.

"मशीनचं काय नाय," सुधीर म्हणाला. "मला हिरवा-गुलाबी कळत नाय, येसाजी. जन्मापासनं. करडा कळतो. तो दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळतो."

घड्याळवाल्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं.

येसाजीनं काखेतलं वर्तमानपत्र काढलं. "आधी सांगितलं असतंस तर पयल्या दिवशीच उन्हात हुभा ऱ्हायलो असतो तुझ्याबरोबर. फुकट दोन खेपा झाल्या पोलादपूरवरनं." आणि फोटो वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. "त्याच्यात लपवायचं काय होतं?"

येसाजीची एसटी गेली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पोलादपूरच्या स्टँडवर पोचणार, हे त्याला दिसत होतं. कोण हसेल, कोण महाबळेश्वरचा रस्ता धरेल, सांगता येत नव्हतं. तो खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला.

नूतन खाली आली तेव्हा प्रिंटर परत चालू होता.

"आता काय?"

"डाव्या कानामागची सावली. दोन पायऱ्या जास्त बसलीये."

"अहो, तो गेला फोटो घेऊन!"

"गेला तर गेला," सुधीर म्हणाला. त्यानं सुटी खुर्ची दाराजवळ, उजेडाकडे तोंड करून सरकवली. "तू बस तिथं. कुठं रंग चढला तर सांग. घरभरणीच्या आधी दुसरा वाडीवर नेऊन देतो."