बिल्डरची अब्रू आणि गुलाबरावांचा फळा

बिल्डरला अब्रू असते, हे मला फरीदाबादला राहायला गेल्यावर कळलं. तोवर माझी समजूत होती की त्याच्याकडे फक्त ब्रोशर असतं. आमच्या नीलसरोवर अपार्टमेंटच्या ब्रोशरवर कारंजं होतं, कारंज्याच्या काठावर सोनेरी केसांची एक बाई बसली होती आणि खाली छापलं होतं, 'चौबीस घंटे पानी'. नव्वदीतले दिवस ते. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्म काढलेल्या आमच्यासारख्यांना स्वतःच्या घराची हाव सुटली होती. राहायला गेलो. बाई नव्हती, त्याचं काही नाही. पण पाणीही नव्हतं.

ही गोष्ट चारचौघांत लिहिली गुलाबराव शिर्क्यांनी. माझे शेजारी, तिसऱ्या मजल्यावरचे. ट्रॅक्टरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे कराडकडचे. अंगाने काटकुळे, पण मिशी दोघांना पुरून उरेल एवढी. त्यांच्या गावच्या चौकात वार्ताफलक असायचा. रोज सकाळी कुणीतरी खडूने ताज्या बातम्या लिहायचा आणि अख्खं गाव दात घासत तिथे उभं राहून वाचायचं. नीलसरोवरला आल्यावर गुलाबरावांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर शाळेच्या सामानाच्या दुकानातून एक मोठा फळा आणला आणि गेटच्या आतल्या भिंतीवर ठोकला.

"अंकल, यहाँ स्कूल खुल रहा है क्या?" असं विचारणाऱ्या पंजाबी मंडळींना आठवड्याभरात त्या फळ्याची चटक लागली. गुलाबराव हिंदीत लिहीत. अक्षर टपोरं, भाषा कोरडी. 'बी ब्लॉक के नायर जी का स्कूटर मिल गया. बी ब्लॉक में ही था.' किंवा 'दूधवाले ने आज दूध में पानी नहीं मिलाया. पानी था ही नहीं.' ऑफिसची बस चुकली तरी चालेल, पण फळा वाचल्याशिवाय लोक गेटबाहेर पडेनात.

मग एका उन्हाळ्यात ती बातमी आली. 'सेल्स ऑफिस का फव्वारा कल सारा दिन चला. तीसरी मंज़िल पर एक बूँद नहीं आई. बिल्डर मेहंदीरत्ता साहब से पूछा. उन्होंने कहा, फव्वारा ज़रूरी है.'

यात एक अक्षर खोटं नव्हतं. गुलाबराव खरोखरच जाऊन विचारून आले होते आणि मेहंदीरत्तासाहेबांनी खरोखरच तसं उत्तर दिलं होतं. पण मेहंदीरत्तांना खऱ्या बातमीची सवय राहिली नव्हती. फरीदाबादच्या एका हिंदी साप्ताहिकाने पूर्वी त्यांच्या गळक्या छतांवर लिहिलं होतं. त्या संपादकावर त्यांनी अब्रुनुकसानीची केस ठोकली, त्याला कोर्टाच्या चकरा मारायला लावून पार पिळून काढलं, आणि तो मऊ पडल्यावर केस मागे घेऊन त्याला पानभर जाहिराती द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून त्या साप्ताहिकात आमची सोसायटी म्हणजे स्वर्ग होता. मला त्या संपादकाचा राग येत नाही. पिळणाऱ्याचा येतो, अजूनही येतो.

गुलाबरावांनाही वकिलाची नोटीस आली. तिच्यात त्यांचा उल्लेख 'संपादक, मुद्रक एवं प्रकाशक' असा होता. फळ्याला दुसरं काय म्हणायचं, हे वकिलालाही कळलं नसावं.

"अगं वैजयंती, ऐकलंस का? मी संपादक झालो!" गुलाबराव जिन्यातूनच बायकोला हाक मारत ओरडले.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या माथ्यावर हे तिन्ही हुद्दे त्यांच्या नावासकट झळकले, आणि खाली अख्खी नोटीस उतरवून काढलेली होती. नोटिशीत मूळ बातमी शब्दशः होती. त्यामुळे ज्यांची ती वाचायची राहिली होती, त्यांचीही सोय झाली.

मग फौजदारी केस उभी राहिली. जामीन मी राहिलो. कोर्टात मेहंदीरत्तांच्या वकिलाने पुरावा म्हणून फळ्याचा फोटो दाखल केला, चांगला मोठा, रंगीत. फोटोत बातमी स्वच्छ वाचता येत होती. फक्त काढणाऱ्याने जरा लांबून काढला होता, त्यामुळे फळ्याशेजारी उभा असलेला पाण्याचा टँकर आणि बादल्या घेतलेल्या बायकांची रांगही तितकीच स्वच्छ आली होती.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा वर सरकवला. "ये लाइन किस चीज़ की है?"

"सर, इसका केस से कोई संबंध नहीं है," वकील म्हणाले.

मी जोरात हसलो आणि शिपायाने मला बाहेर काढलं. केस त्याच दिवशी संपायला हवी होती, असं तुम्हाला वाटेल. तिथे कुणाला संपवायची होती? पुढची तारीख पडली. मग तिच्या पुढची. मेहंदीरत्ता आजारी, वकील लग्नाला, साहेब रजेवर. गुलाबराव मात्र इस्त्रीचा शर्ट घालून दर वेळी हजर. पहिल्या काही तारखांना ते खुशीत जायचे. नंतर मिशी उतरत गेली.

वैजयंतीवहिनींचा रक्तदाब वाढला. "दोन वर्षांची शिक्षा होऊ शकते म्हणे. या वयात मी तुरुंगात डबा घेऊन यायचा का?" त्या माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या. "अहो, माफी मागून टाका. एक ओळ लिहायची आणि मोकळं व्हायचं. हात झिजणार आहे का तुमचा?"

तुरुंगाला गुलाबराव भीत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण वहिनींच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी मेहंदीरत्तांच्या वकिलाकडे निरोप धाडला. अट ठरली: मजकूर बिल्डरचा, अक्षर गुलाबरावांचं, माफी त्याच फळ्यावर. मग केस मागे आणि फळा कायमचा बंद.

रविवारी सकाळी मेहंदीरत्तांचे वकील मजकूर घेऊन हजर झाले. सोबत फोटोग्राफर होता. आम्ही सगळे भोवती जमलो, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गुलाबरावांनी एकेक अक्षर कोरून काढलं. 'मैंने झूठ लिखा था. नीलसरोवर में चौबीस घंटे पानी आता है. मैं मेहंदीरत्ता साहब से क्षमा चाहता हूँ.' सही केली आणि खडू फळ्याच्या कडेला ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि आपण नुसते बघत उभे आहोत याची लाजही वाटली.

तेवढ्यात टँकरवरून वैजयंतीवहिनी आल्या. दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या. फळ्यासमोर त्या थांबल्या. वाचलं. पुन्हा वाचलं.

"अहो, हे काय लिहिलंय?"

"माफी," गुलाबराव पुटपुटले. "तूच म्हणालीस ना?"

"माफी मागा म्हणाले मी. पाणी येतं असं कधी म्हणाले?"

बादल्या खाली ठेवून त्यांनी पदराला हात पुसले आणि खडू उचलला. त्या बाईंनी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. माफीच्या बरोबर खाली, तिरक्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'जब इन्होंने यह लिखा, तब मैं टैंकर की लाइन में खड़ी थी. वैजयंती शिर्के, तीसरी मंज़िल.'

मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि फोटोग्राफरने सवयीने फोटो काढला.

"माताजी, ये क्या किया आपने? मिटाइए इसे!" वकील ओरडले.

"मिटाने के लिए पानी लगता है, भाईसाहब," वहिनी म्हणाल्या. "आप ले आइए. हम रुकते हैं."

वकील कागद गोळा करून गाडीकडे निघाले. जाताना दम देऊन गेले की आता समझोता विसरा, आरोपी एकाचे दोन होतील. "हो जाने दो," वहिनी म्हणाल्या आणि बादल्यांसाठी वाकल्या.

गुलाबराव पुढे झाले आणि वहिनींच्या हाताखालून एक बादली त्यांनी काढून घेतली. पाण्यावर एवढं लिहिलेल्या त्या माणसाने बादली उचलायची ही पहिलीच वेळ होती. पहिल्या मजल्यावर त्यांना धाप लागली. दुसऱ्यावर त्यांनी बादली खाली टेकवली, वर बघितलं आणि विचारलं, "रोज किती खेपा करतेस गं?"

वहिनी पुढे निघून गेल्या होत्या.