सिंकमधला मांगूर

सौदीत, जिझानला आमच्या घरापासून समुद्र दहा मिनिटांवर आहे. असं असताना नवऱ्याने दर जुम्म्याला तासभर गाडी हाकत डोंगरातल्या धरणावर गळ टाकायला जावं, हे मला पटेना. रत्नागिरीचा माणूस गोड्या पाण्यातल्या मातकट माशासाठी पेट्रोल जाळत नाही.

दुसऱ्या बाईचा संशय नव्हता, संशय चोरून केलेल्या कामाचा होता. ते पंप दुरुस्त करतात, आणि इथे कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, सोडून दुसऱ्याचं काम करायला बंदी. त्यांच्या कंपनीतला एक जण असाच सापडला आणि बायकोपोरांसकट परत गेला. आमचे इकामे, इथे राहायचे परवाने, यांच्या नोकरीवर, मुलगी बारावीला. बाहेरचं काम करणार नाही, असा त्यांनी मला शब्द दिला होता.

एका संध्याकाळी त्यांनी ओलं गोणपाट सिंकमध्ये ठेवलं. आत काळा, मिशीवाला मांगूर. मी सुरी घेतली तसा तो उसळला.

"मम्मी, ये तो जिंदा है!" मुलगी मागे सरली.

"कधी धरलात?" मी विचारलं.

"सकाळी. नमाजच्या आधी."

"सकाळचा मासा मगरिबला उड्या मारतो? मासळीबाजारात वाढलेय मी. येताना दुकानाच्या टाकीतून उचललात."

"अगो, मांगूर हवा घेतो. पाण्याबाहेर टिकतो."

"मग सलामही करत असेल."

पुढच्या जुम्म्याला मी गाडीत आधीच जाऊन बसले.

धरणात पाणी कमी होतं, काठावर बकऱ्या. त्यांनी गळाला कोंबडीची कलेजी लावली. बऱ्याच वेळाने मांगूर लागला. तो गोणपाटात टाकून ते नमाजला गेले. परत आले तरी गोणपाट हलतच होतं. मी मुकाट्याने थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात पलीकडच्या शेताचा राखणदार आला. "उस्ताद, वो पंप फिर बंद हो गया. औजार लाए हैं ना?" मग मी दिसले. "सलाम, भाभी."

यांनी घाईघाईने गळ गुंडाळायला घेतला.

मी उठून डिकी उघडली. स्टेपनीखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली औजारांची पेटी.

"पोरीच्या कॉलेजसाठी गो," ते हळूच म्हणाले.

"ती इथे राहिली तर ना बारावी देईल!" मी म्हटलं, आणि राखणदाराकडे वळले. "भाई, उस्ताद अब सिर्फ मछली पकड़ते हैं. खलास."

घरी येताना पेटी माझ्या पायाशी होती. मागे मांगूर घरापर्यंत फडफडत होता.

आता पेटी माझ्या कपाटात असते, किल्ली माझ्या पर्समध्ये. दर जुम्म्याला मीही धरणावर जाते आणि निघण्याआधी डिकी बघते. मांगूर मातकटच लागतो. कोकम जास्त घालते.