तुळशीरामचा सहावा ‘का’

तुळशीराम घरत रोज सुकापूरहून द्रोणागिरीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला जातो. त्या जागी पूर्वी त्याच्या आज्याचं, दादू घरतचं मिठागर होतं. आता तिथे टीव्हीची खोकी असतात, आणि दर गुरुवारी पनवेलच्या ऑफिसात विचार असतो.

विचार सत्यजीत साहेबांनी आणला. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ते परतले, ते छापील तक्ता घेऊनच. अडचण आली की पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाच चौकटी भरायच्या. पाचवीत मूळ कारण सापडतं. आधी बैठकीत सगळे एकदम बोलायचे. आता एकेक जण शिस्तीत गप्प बसतो.

त्या गुरुवारी खालच्या थरातली खोकी तिसऱ्यांदा भिजली होती. का? फरशी ओली. का? पुसल्यावर वाळली नाही. का? फडकं पिळलं नाही. का? साळूचं लक्ष नव्हतं. का? साळूला कामाची आस्थाच नाही. चौकटी संपल्या. गोदामाची फरशी पुसणारी साळू दाराशी उभी होती. तिला सोमवारपासून येऊ नको, एवढंच सांगायचं उरलं होतं.

“सायेब, आजून एक का इचारू?” तुळशीराम म्हणाला.

“तक्त्यात जागा नाही.”

“मागल्या बाजूला लिवा.”

टिपणं घेणाऱ्या हेतलने मुकाट्याने कागद उलटा केला.

“साळू यायच्या आदीच फरशी ओली का? मी बोट लावून चाटलंय. खारट हाय. ती काय मिठाच्या पान्यानं पुसते?”

साहेबांनी चष्मा काढला. तुळशीरामने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. “हेतल, भिजल्याच्या तारका वाच.”

तीन तारीख. अठरा. पुढची दोन. तिन्ही अमावस्या-पुनवेला लागून.

“उधाणाची भरती. पानी खालून येतंय. आमी मिठागरात तेच तर आत घेत होतो. तुमी वर लादी टाकलीत, हे पान्याला कोन सांगनार?”



“ठीक आहे, साळू राहील,” साहेब म्हणाले. “पण ‘जबाबदार व्यक्ती’ ही ओळ रिकामी सोडता येत नाही.”

“मंग माज्या आज्याचा नाव टाका. जागा त्याचीच होती.”

साहेबांनी खरंच टाकलं. साळू बादली घेऊन पुन्हा गोदामात कामाला लागली. खोकी अजून भिजतात. आणि ऑफिसातल्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात आहे: दादू घरत, पुनर्प्रशिक्षण, महिनाअखेरपर्यंत.

दादूला जाऊन बावीस वर्षं झाली.