आधी ओळखीचं

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात सर काट्यापुढे उभे राहिले की आधी पिशवीतून स्वतःचं एक किलोचं लोखंडी माप काढून त्यावर ठेवत. काट्यानं बरोबर एक किलो दाखवलं, की मगच वांगी. भाजीवाली एकदा फणकारली, "गुरुजी, आमच्यावर भरोसा न्हाई व्हय?" सर म्हणाले, "तुमच्यावर हाय. मी काट्याला इचारून राहिलो." त्या दिवशी मी सोबत होते. लाजून कोथिंबिरीकडे बघत राहिले.

सर हिंगोलीत आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत, मी केमिस्ट्री. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. नवं थर्मामीटर आलं तरी ते आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघत. "आधी ओळखीचं, मग अनोळखी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघणारा. अशा माणसाबरोबर बस पकडायची म्हणजे संयमाची परीक्षाच.

त्यांचा जीव मात्र अडकला होता कृष्णविवरांत. काही कृष्णविवरं शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतात. तो वायू तापतो, त्यातून क्ष-किरण निघतात, आणि गिळण्याआधी त्यातला थोडा वायू दोन विरुद्ध दिशांना जवळपास प्रकाशाच्या वेगानं फेकला जातो. ते झोत रेडिओ दुर्बिणीला दिसतात. ही कृष्णविवरं वर्षानुवर्षं निजलेली असतात, काही आठवडे जागी होतात, आणि त्यातच कधीतरी झोत एकाएकी बंद पडतो. तो नेमका कधी बंद पडतो, हे सरांना पाहायचं होतं.

बरेच अर्ज फेटाळले गेल्यावर एका मोठ्या दुर्बिणीवर त्यांना परवानगी मिळाली. एखादं कृष्णविवर जागं झालं की मागा, दोन तास देऊ. पण एकदाच. आणि मे महिन्यात सर रिटायर होणार होते. कॉलेजचं नाव मागे नसलं तर पुन्हा कोण विचारणार?

फेब्रुवारीत एक जागं झालं. रोज सकाळी सर स्टाफरूममध्ये उपग्रहाचा क्ष-किरणांचा आलेख उघडत. लवकर मागितलं तर झोत नुसता चालूच दिसणार, उशीर झाला तर सगळं संपलेलं. मी रोज म्हणायचे, "मागा ना सर आता." ते म्हणत, "काहून घाई करून राहिल्या मॅडम?" अकरा दिवस माझा जीव टांगणीला लागला. बाराव्या दिवशी आलेख वळला, आणि सरांनी मेल पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ मिळाली. प्रयोगशाळेचं दार लावून आम्ही लॅपटॉपसमोर बसलो, तर तिकडे सोसाट्याचा वारा. दुर्बिणीच्या तबकड्या वाऱ्यात हलवत नाहीत. एक तास गेला. आणखी वीस मिनिटं गेली. मग तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. वारा उतरला होता, पण हाती चाळीसच मिनिटं उरली होती. रीत अशी की आधी ज्याचं तेज पक्कं माहीत आहे अशा आकाशातल्या एका ठिपक्याकडे दहा मिनिटं बघायचं, मग आपल्या कृष्णविवराकडे. ऑपरेटरनं विचारलं, ती दहा मिनिटं वाचवायची का?

"वाचवा सर," मी म्हणाले. "तो ठिपका काय, रोज तिथंच असतो."

सरांनी चष्मा पुसला. फोनमध्ये म्हणाले, "न्हाई. आधी ओळखीचं."

हातातोंडाशी आलेला घास हा माणूस स्वतःच बाजूला सारत होता. मला इतका राग आला की ती दहा मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढली.

आठवडाभर आकडेमोड करून चित्र तयार झालं. ओळखीचा ठिपका जागच्या जागी, हवा तेवढाच तेजस्वी. आमच्या कृष्णविवराच्या जागी काहीच नाही. सर उठून नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. मला वाटलं, आता मोडले.

परत आले ते म्हणाले, "मॅडम, ओळखीचा बराबर दिसला. म्हणून आता छातीठोक सांगता येतं, का आपला खरंच न्हाई. न्हाईतर लोक म्हणले असते, यांचीच नजर अधू."

आम्ही पाहिलं त्याच्या आदल्याच दिवशी परदेशातल्या एका गटाला तोच झोत लख्ख दिसला होता. म्हणजे तो त्या एकाच दिवसात बंद पडला. त्यांनी सरांना सहलेखक म्हणून लेखात घेतलं, मसुदा पाठवला. त्यातल्या आलेखात आमच्या तारखेला एक बारका खाली वळलेला बाण आहे. इथं नीट पाहिलं, झोत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. सरांनी त्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "एवढाच आपला."

रिटायर होऊन ते शिरड शहापूरला शेतावर राहायला गेले. पोळ्याच्या आधी छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. लेख छापून आला तो त्यानंतर. मी तेराव्याला गेले तेव्हा वहिनींनी सरांचं ते माप माझ्या हातात दिलं.

परवा जवळा बाजारला गेले. तीच भाजीवाली, तोच काटा, तीच वांगी. मी पिशवीतून माप काढून काट्यावर ठेवलं. बरोबर एक किलो.

भाजीवालीनं हसून माझ्या मागे पाहिलं. "गुरुजी कुठं हायत?"

मीही मागे वळून पाहिलं. नीट पाहिलं.

"नाहीत," मी म्हणाले.