कोयऱ्यांचं जाकीट

बाभुळगावच्या बसस्टँडसमोर इम्तियाजभाईंचं कापडाचं दुकान आहे. शेरवान्या दर्शनी टांगलेल्या असतात, पण ते ओळखले जातात जाकिटांवरून. लग्नात बाप्ये कुर्त्यावर चढवतात ती, बिनबाह्यांची, छाप्याची जाकिटं. शेजारी माझं बी-बियाण्यांचं दुकान, त्यामुळे यांचा सगळा कारभार मी बसल्या जागी पाहत आलोय. इतका गोड थापाड्या अख्ख्या तालुक्यात नाही.

गिऱ्हाईक आलं की ते त्याच्याकडे बघतच नाहीत. त्याच्या बायकोला खुर्ची देतात, चहा मागवतात आणि तिलाच छापे दाखवतात. का, तर म्हणे, "मानसाले सोताचं पोट दिसत नाही, बाईले रोज दिसते." सुटलेल्या पोटाला बारीक बुट्टी, काडीपैलवानाला मोठी फुलं, ठेंगण्याला उभी वेल. आत कुर्ता साधा, खालचं बटन उघडं. खिशात मोबाइल कोंबणारा दिसला की मात्र भडकतात. "भाऊ, लग्नाले चालले का वावरात डवऱ्यावर? काढा तो डबडा!"

आणि सगळं झालं की खांद्यावरची सुरकुती झटकत कानाशी येतात. "या छाप्याचा एकच पीस होता. तुमच्यासाठी लपवून ठेवलाता."

जांभळ्यावर सोनेरी कोयऱ्यांचं जाकीट त्यांनी मला असंच गळ्यात घातलं. मी स्वतः व्यापारी, तरी विरघळलो. आमची बायको तर आठवडाभर 'आमच्या यांच्यासाठी ठेवलं होतं' असं सांगत फिरली. एका गावात ते एक छापा दोघांना देत नसत, म्हणून थाप कधी उघडी पडली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या लेकीचं, अलफियाचं लग्न ठरलं. सोयरीक पांढरकवड्याची, घराणं मोठं, नुसते चुलतेच गाडी भरून येतील असं. इम्तियाजभाईंना ना भाऊ ना मेव्हणा. बारात आली की मुलीचे चाचे-मामू दारात हार घेऊन उभे राहतात, आणि यांच्या दारात कोण? एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा हा माणूस माझ्या दुकानात येऊन खताच्या पोत्यावर बसला आणि पोत्याची सुतळी उसवत राहिला.

"मी एकटाच उभा दिसलो, तर पोरीची मान खाली जाईन ना," ते म्हणाले. "तुम्ही याल काय, दारात उभे राहाले?"

मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला?

लग्नाच्या दिवशी मी त्यांना मान म्हणून ठेवणीतलं तेच जाकीट घालून गेलो. मंडपाच्या दारात पाहतो तर फुलसावंगीचे किसनराव, जांभळ्यावर सोनेरी कोयऱ्या. शेजारी तांड्यावरचे अमरसिंग, त्याच कोयऱ्या. मागून आणखी चारदोन कोयऱ्या आल्या. सगळ्यांना तेच बोलावणं, आणि सगळ्यांच्या डोक्यात तोच मान.

"इम्तियाजभाई," किसनराव कडाडले, "एकच पीस होता म्हने! मंग हे काय उगवलं इथं?"

इम्तियाजभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही सणसणीत राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात बँड वाजला आणि बारात दारात येऊन ठेपली.

नवरदेवाचे वडील मोहिउद्दीनमियां गाडीतून उतरले आणि आमच्या रांगेकडे बघतच राहिले.

"माशाअल्लाह! दुल्हन के इतने चाचा? और सबने एक जैसा पहना!"

इम्तियाजभाई काहीतरी खरं बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात किसनराव छाती काढून पुढे झाले.

"हाव. मी थोरला."

"मी मधला," अमरसिंग म्हणाले.

माझे केस इम्तियाजभाईंपेक्षा पांढरे, पण थोरलेपण आधीच किसनरावांनी पटकावलं होतं. "मी धाकटा," मी म्हटलं.

मोहिउद्दीनमियांनी किसनरावांच्या कपाळावरचं ठसठशीत गंध पाहिलं. मग अमरसिंगांचा फेटा पाहिला. वाकून किसनरावांना सलाम केला आणि म्हणाले, "भाईजान."

इम्तियाजभाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. किसनरावांनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"रडून कायले राह्यला? हार घाल आधी. जाकिटाचं उद्या पाहू."

इम्तियाजभाई हार घेऊन पुढे झाले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे.